भंगार ओळखणारी बंदूक: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या यार्डात तिला सगळे 'बंदूक' म्हणतात. खोक्यावर 'हँडहेल्ड एक्स-रे फ्लुरोसन्स ॲनालायझर' असं भारदस्त नाव होतं, पण ते पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर गेलं. दिसायला ड्रिल मशीनसारखी, वजन दीड किलोच्या आसपास. नाक धातूला टेकवायचं, घोडा दाबायचा, आणि मागच्या छोट्या पडद्यावर त्या तुकड्यात कोणता धातू किती टक्के आहे ते उमटतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे तिच्याबद्दल तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे या जातीच्या बंदुका आतून बऱ्याचशा सारख्याच असतात. मी सांगितलेले गुण-दोष कमी-अधिक फरकाने सगळ्यांना लागू पडतील.

मी पोलादाच्या कारखान्यात धातुतज्ज्ञ आहे. आमची विजेची भट्टी ६० टनांची. भंगार आणि थोडं स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून थेट केलेलं लोखंड, वितळवून आम्ही बिलेट (पोलादाचे जाड चौकोनी दांडे) ओततो आणि त्यांच्या सळ्या लाटतो. दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला, भंगाराचं प्रमाण वाढवा, स्पंज आयर्न कमी करा. कारण उघड आहे. खनिजापासून झोतभट्टीच्या वाटेने एक टन पोलाद करायला सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भंगारापासून विजेच्या भट्टीत केलं तर सुमारे ०.७ टन. वर्ल्ड स्टील असोसिएशनच्या हिशेबाने एक टन भंगार वापरलं की १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते. हे आकडे सभेत दाखवायला फार सुरेख दिसतात. सभा संपल्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं, आणि त्या कामासाठी ही बंदूक आली.

बंदूक काय कामाची हे कळायला आधी तांब्याचं भांडण सांगावं लागेल.

भट्टीत ऑक्सिजन फुंकला की कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, फॉस्फरस जळून मळीत, म्हणजे पोलादावर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, किंवा धुरात जातात. तांबं जात नाही. तांब्यापेक्षा लोखंडालाच ऑक्सिजनची ओढ जास्त, त्यामुळे तांबं जाळायचं म्हटलं तर आधी सगळी भट्टी जाळावी लागेल. कथिलाचंही तेच. म्हणजे एकदा आत गेलेलं तांबं पोलादात मुक्कामालाच राहतं, आणि त्या पोलादाचं भंगार झालं की पुढच्या पोलादात जातं. सळईत ०.४ टक्क्यापर्यंत तांबं चालतं. गाडीच्या दरवाज्याचा खोल दाबायचा पत्रा ०.०६ च्या वर सोसत नाही.

जास्त झालं तर काय होतं? बिलेट तापवायच्या भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास पृष्ठभागावरच्या लोखंडाची पापुद्र्यासारखी खपली होते. लोखंड खपलीत जातं, तांबं जात नाही, ते खपलीच्या खाली साचत राहतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, तेव्हा तिथे ते पातळ असतं आणि पोलादाच्या कणांमधल्या फटींतून आत झिरपतं. मग लाटणयंत्राने ओढ दिली की त्या फटी उघडतात आणि सळईची पाठ सुसरीसारखी होते. सोबत कथिल असलं तर कमी तांब्यावरच हे सुरू होतं. निकेल असलं तर उलट, ते तांब्याला पोलादात विरघळवून धरतं. म्हणून मला नुसतं तांबं मोजून भागत नाही, तिन्ही हवेत, आणि तेही भंगार भट्टीत ओतायच्या बकेटमध्ये पडायच्या आधी.

उपाय म्हणून तांबं पातळ करता येतं. भंगारात ०.४ असेल आणि ०.२ हवं असेल तर निम्मा माल स्वच्छ लोखंडाचा घाला. पण ते स्वच्छ लोखंड खनिजातून येतं, म्हणजे जो कार्बन वाचवायला निघालो तो मागच्या दाराने घरात. केंब्रिजच्या कॅट्रिन डेन, आंद्रे सेरेन्यो आणि ज्युलियन ऑलवूड यांनी २०१७ मध्ये नेमका हाच हिशेब जगभरासाठी मांडला, की पुढच्या दशकांत भंगार वाढत जाईल तसं तांबं पोलादाच्या पुनर्वापराला कुठे अडवेल. वितळलेल्या पोलादातून तांबं काढायचे प्रयोगही आहेत. सल्फाइडच्या मळीत ते ओढून घ्यायचं, किंवा निर्वातात त्याची वाफ करायची. प्रयोगशाळेत दोन्ही जमतं. आमच्या भट्टीवर रोजच्या कामात ते यायची वाट बघत बसले तर मी निवृत्त होईन. तेव्हा आमच्यासारख्यांचं संशोधन यार्डातच, भंगाराच्या ढिगावर उभं राहून.

आता बंदूक.

पहिला महिना मी तिच्या प्रेमात होते, आणि त्याची लाज वाटत नाही. नळीतून एक्स-रे निघतात, धातूतल्या अणूंना धक्का देतात, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचा एक्स-रे परत फेकतं. लोखंड ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, तांबं ८.०५ ला, कथिल थेट २५ च्या वर. हा क्रम १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुणाने शोधला. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून तो गेला, वय सत्तावीस. घोडा दाबताना मला कधीकधी तो आठवतो, आणि आपण या यंत्राला 'बंदूक' म्हणतो याचं वाईट वाटतं.

तिने केलेल्या कामांपैकी सगळ्यात मोठं काम गंजरोधी पोलादाचं. या पोलादात मुद्दाम ०.२५ ते ०.५५ टक्के तांबं घातलेलं असतं, म्हणजे वरचा गंज घट्ट बसतो आणि आतलं लोखंड वाचतं. भंगारात त्याच्या जाड पट्ट्या आल्या की त्या साध्या गंजलेल्या पट्ट्यांसारख्याच दिसतात. चुंबकाला चिकटतात. ग्राइंडर लावला तर ठिणग्याही साध्याच. आमचे मुकादम ठिणगी बघून कार्बनचा अंदाज सांगतात आणि सहसा चुकत नाहीत, पण इथे त्यांचाही इलाज नव्हता. आम्ही अशा पट्ट्या वर्षानुवर्षं 'जाड, स्वच्छ, उत्तम माल' म्हणून वेगळ्या काढून चांगल्या हीटसाठी (भट्टीच्या एका वेळच्या घाण्याला हीट म्हणतात) राखून ठेवत होतो! बंदुकीने पाच सेकंदांत सांगितलं. त्या दिवशी मुकादम माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

दुसरं, चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस. निकेल नसलेल्या या जातीत १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं आणि क्रेनचा चुंबक ते निमूट उचलतो. ते भट्टीत गेलं की क्रोमियमचा ऑक्साइड मळीत उतरतो, मळी दाट होते आणि भट्टीवरची पोरं वैतागतात. शिवाय चांगला माल मातीमोल. तिसरं, शिसं घातलेलं पोलाद. यंत्रावर झटपट कापलं जावं म्हणून काही गोल दांड्यांत ०.१५ ते ०.३५ टक्के शिसं असतं. भट्टीत त्यातलं काही धुरात जातं, काही तळाला जाऊन विटांच्या फटी शोधतं. लेथच्या किसात हे हमखास सापडतं आणि बंदूक ते लगेच दाखवते.

मँगेनीज पोलादासाठी मात्र बंदुकीची गरज पडली नाही. दगड फोडायच्या यंत्राच्या जबड्यात ११ ते १४ टक्के मँगेनीज असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही. मुकादमांनी खिशातला चुंबक काढला, लावला, खाली पडू दिला आणि माझ्याकडे बघितलं. हिशेब बरोबर.

इथपर्यंत पाचपैकी पाच. मग गाठी आल्या.

गाठी म्हणजे जुन्या घरगुती उपकरणांचे पत्रे दाबून केलेले चौकोनी ठोकळे. मी प्रत्येक गाठीच्या चार बाजू मोजल्या, रंग खरवडून, नियमाप्रमाणे. तांबं ०.०५, ०.०६, कुठे ०.०४. इतकं स्वच्छ भंगार बघून मी एका हीटमध्ये १० टन गाठी घालायला सांगितलं. मुकादम म्हणाले, "मॅडम, एकदा बंदुकीला विचारा ना, पोटात मोटार आहे का?" मी हसले.

हीटचा नमुना आला, तांबं ०.४६.

साधा हिशेब करते. नेहमीच्या मालाने ती हीट ०.२८ च्या आसपास यायला हवी होती. वरचे ०.१८ टक्के म्हणजे ६० टनांत १०८ किलो तांबं. उपकरणाच्या एका मोटारीत किलो-दीड किलो तांब्याच्या तारेचं वेटोळं धरलं तर सत्तर ते शंभरेक मोटारी मी स्वतःच्या सहीने भट्टीत घातल्या होत्या. ते बिलेट लाटण्यासारखे नव्हते. त्यांच्यावर पिवळा रंग मारून ते यार्डात ठेवले आणि पुढचे दोन महिने थोडे थोडे करून परत भट्टीत घातले. सबंध यार्डात ज्याचं रसायन दशांशापर्यंत ठाऊक आहे असं भंगार तेवढंच होतं, ही त्यातली गंमत. तेव्हा ती सुचली नव्हती.

बंदूक खोटं बोलली नव्हती. तिला दिसतं किती, हे माहितीपत्रकात ज्या अक्षरात लिहायला हवं त्या अक्षरात लिहिलेलं नसतं, एवढंच. तांब्याकडून परत येणारा एक्स-रे लोखंडातच शोषला जातो. बंदुकीला जे तांबं दिसतं ते बहुतेक वरच्या दहा-पंधरा मायक्रॉनमधलं. डोक्याचा केस ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे केसाच्या पाचव्या हिश्श्याइतकी साल. त्याखाली मोटार असो की सोनं असो, तिला काही कळत नाही. त्यातही नाकासमोरच्या आठ-दहा मिलिमीटरच्या ठिपक्याचंच हे बोलणं. माणसाच्या हाताची कातडी बघून पोटातलं निदान करायला सांगावं तसं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तर जस्ताचा थरच बऱ्याचदा तेवढ्या जाडीचा असतो. जस्ताची रेषा, म्हणजे त्याने परत फेकलेल्या एक्स-रेची ऊर्जा, ८.६४ ला, तांब्याची दुसरी रेषा ८.९ ला, दोघी शेजारणी. पडद्यावर मग तांब्याचे चित्रविचित्र आकडे येतात. ग्राइंडरने जस्त काढा, मग मोजा. रंगाचंही तेच, गंजाच्या जाड थराचंही तेच. म्हणजे 'दोन सेकंदांत उत्तर' या जाहिरातीत ग्राइंडर शोधायला लागणारा वेळ धरलेला नाही. दोन सेकंदही फक्त जात ओळखण्यापुरते खरे. ०.०२ टक्के कथिल आहे की नाही हे भरवशाने सांगायला मी वीस सेकंद देते आणि शेजारची अधिक-उणे चूक बघते. चूक आकड्याच्या निम्म्याहून मोठी असेल तर तो आकडा वहीत चढत नाही.

आणि कार्बन? कार्बन तिला दिसतच नाही. कार्बनचा एक्स-रे इतका दुबळा की मधल्या हवेतच विझतो. बीड आणि पोलाद यांतला फरक कार्बनवर ओळखायचा असेल तर लेझरवाली बंदूक घ्या, तिला आरगॉन वायू लागतो, किंवा मुकादमांना ठिणगी बघायला सांगा.

गाठींच्या प्रकरणानंतर मी आठवडाभर बंदूक कपाटात ठेवली आणि संगणकावर बसले. तांब्याचा जो हट्टीपणा आपल्याला छळतो तोच इथे उपयोगी पडतो. आत गेलेलं तांबं जवळजवळ सगळं पोलादात राहतं, त्यामुळे हीटच्या नमुन्यातलं तांबं म्हणजे बकेटमधल्या सगळ्या मालाच्या तांब्याची बेरीज. प्रत्येक हीटमध्ये कोणता माल किती टन होता याची नोंद आपल्याकडे असतेच. तीन महिन्यांच्या हीट घेतल्या आणि उलटा हिशेब मांडला, कोणत्या मालात सरासरी किती तांबं असेल म्हणजे या सगळ्या बेरजा जुळतील. ६० टनांची भट्टी हीच सगळ्यात मोठी बंदूक, आणि तिला सालीखालचंही दिसतं. तिची अडचण एवढीच की ती घोडा दाबून झाल्यावर सांगते.

उत्तर आलं ते मला अपेक्षित नव्हतं. मला संशय होता श्रेडरमधून आलेल्या गाड्यांच्या तुकड्यांवर, कारण गाडीत वीसेक किलो तांबं असतं आणि विजेच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पण आमच्याकडे येणारे तुकडे चांगले हाताने निवडलेले निघाले. गुन्हेगार दोन होते, गाठी आणि 'मिश्र हलकं' नावाखाली येणारा एक ढीग, ज्यात कोणीही काहीही टाकत होतं. आता गाठी फोडून घेतो, मोटारी आणि वायरी हाताने काढतो. चार माणसं त्या कामावर आहेत. तांब्याचा महिन्याचा सरासरी आकडा ०.३० च्या खाली उतरला आहे आणि स्पंज आयर्नचा वाटा आम्ही दोनदा कमी केला. या यशातला मोठा भाग पक्कड, कटर आणि त्या चार माणसांचा आहे. बंदुकीचा लहान, पण खरा. ढिगातून गंजरोधी पट्ट्या ती काढते, ते त्या चौघांना जमणार नाही.

आता तक्रार. बंदुकीच्या नाकावर प्लॅस्टिकची अतिशय पातळ फिल्म असते आणि तिच्या मागे डिटेक्टरची तितकीच नाजूक खिडकी. लेथचा कीस म्हणजे सुयांचा ढीग. चौथ्या महिन्यात एका सुईने दोन्ही फोडलं. दुरुस्तीला गेलेली बंदूक दोन महिन्यांनी आली, पर्यायी मशीन देण्याचं बोलणं विक्रीच्या वेळी झालं होतं, ते कागदावर नव्हतं. कागदावर घ्या. कीस कधीही थेट मोजू नका, जाड पत्र्याच्या डब्यात दाबून, वरून सपाट करून मोजा. फिल्मची दोन पाकिटं नेहमी खिशात असू द्या, ती प्रत्येक पाळीत बदलावी लागते.

उष्णताही तिला सोसत नाही. भट्टीजवळच्या ताज्या बिलेटवर तर नाहीच, पण उन्हात तापलेल्या ढिगावर सलग अर्धा तास चालवली तरी ती थंड होऊ द्या असं सांगून बंद पडते. बॅटरी कागदावर पाळीभर पुरते, माझ्या हातात पाच तास. हातमोजा घालून पडदा दाबता येत नाही, ही चूक करणाऱ्या माणसाने यार्ड बघितलेलं नसणार.

सुरक्षेबद्दल कंपनीने एक तासाचं प्रशिक्षण दिलं आणि ते चांगलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात एका पोराने छोटा तुकडा डाव्या हातात धरून उजव्या हाताने घोडा दाबला. त्या क्षणी त्याची बोटं थेट किरणांत. आता तुकडा जमिनीवर किंवा स्टँडमध्येच, नाकासमोर कुणी उभं राहायचं नाही, आणि जो हात लावेल त्याच्या छातीवर किरण मोजणारा बॅज. ही गोष्ट लहान वाटते, कारण यंत्र ड्रिलसारखं दिसतं.

घ्यावी का? तुमच्या यार्डात मिश्रधातूंचा माल येत असेल, जाड पट्ट्या, दांडे, यंत्रांचे सुटे भाग, तर जरूर घ्या. हलकं, दाबलेलं, पोटात काय आहे ते न दिसणारं भंगार जास्त असेल, तर तेच पैसे आधी निवड करणाऱ्या माणसांवर आणि हीटच्या नोंदींवर घाला, बंदूक नंतर. विक्रेता दाखवायला आला की त्याने आणलेल्या चकचकीत नमुन्यावर भुलू नका. स्वतःच्या ढिगातला गंजका तुकडा द्या, त्याच तुकड्याचं प्रयोगशाळेतलं कथिल आधी काढून ठेवा आणि तो काय सांगतो ते बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फिल्मचं दुखणं नसतं तर चार दिले असते.

सध्या ती मुकादमांच्या ताब्यात असते. दोरीने तिच्या मुठीला त्यांनी आपला जुना चुंबक बांधून टाकला आहे, आणि तुकडा हातात आला की आधी चुंबक लावतात, मग घोडा.